'हॅरी' भुयार आणि पडद्यावरची मोटरसायकल

२४ मार्च

१९४४ साली आजच्याच रात्री स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन युद्धकैदी छावणीतून मित्रराष्ट्रांच्या हवाई दलांचे ७६ कैदी 'हॅरी' नावाच्या भुयारातून निसटले. छावणी सागानला होती, हे गाव आता पोलंडमध्ये आहे. पॉल ब्रिकहिल स्वतः तिथे कैदी होता. त्याचं 'द ग्रेट एस्केप' हे पुस्तक १९५० साली आलं, जॉन स्टर्जेसचा चित्रपट १९६३ साली. आज दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सगळ्यात जास्त खटकली ती हवा. चित्रपटात ऊन आहे. खरी रात्र बर्फाची होती, आणि बेत कोलमडला त्यात या थंडीचा मोठा वाटा होता.

कारागिरी मात्र चित्रपटाने मन लावून दाखवली आहे. जमिनीत पुरलेल्या मायक्रोफोनना चाहूल लागू नये म्हणून भुयार सुमारे ९ मीटर खोल. रुंदी-उंची जेमतेम ६० सेंटिमीटर. वाळू ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्यांचा आधार, अशा सुमारे ४,००० फळ्या लागल्या. दूध पावडरचे रिकामे डबे एकापुढे एक जोडून हवेची नळी केली, आणि किटबॅगच्या भात्याने हवा आत ढकलली.

खरी डोकेदुखी होती वाळूची. वरची माती करडी, खालची वाळू पिवळीधमक, मूठभर सांडली तरी पहारेकऱ्याच्या डोळ्यांत भरणार. म्हणून लांब अंतर्वस्त्रांच्या पायांच्या पिशव्या शिवून त्या पँटमध्ये सोडायच्या. तळाशी पिन, तिची दोरी खिशात. चालता चालता दोरी ओढायची आणि पायाने वाळू मातीत मिसळायची. बर्फ पडल्यावर ही युक्ती बाद झाली. मग 'हॅरी'ची वाळू छावणीतल्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांखाली गेली. तो भाग वाचताना मला आजही धाकधूक होते.

बेत २०० जणांचा होता. तोंडावरचं दार गोठलेलं, ते उघडण्यातच दीड तास गेला. भुयार झाडीपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळे बाहेरचा माणूस दोरी ओढून इशारा देईपर्यंत पुढच्याने थांबायचं. मिनिटाला एक जाणार होता, ते ताशी जेमतेम दहावर आलं. त्यात हवाई हल्ल्यामुळे दिवे गेले, भुयार एका जागी ढासळलं. पहाटे पाचच्या सुमारास ७७ वा माणूस पहारेकऱ्याला दिसला.

चित्रपटातला मोटरसायकलवरून कुंपणापलीकडे उडी मारण्याचा प्रसंग खऱ्या पलायनात घडलाच नाही. ते मी सोडून देईन. पण पुन्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना एकाच माळावर एकदम गोळ्या घातल्याचं दाखवणं मला पटत नाही. गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकटं किंवा लहान गटांत नेऊन मारलं. हुकूम वरून आला होता आणि तो ठिकठिकाणी थंडपणे पाळला गेला, ही गोष्ट एका माळावरच्या गोळीबारात हरवते.

सुटले ते तिघेच: दोन नॉर्वेजियन आणि एक डच. नॉर्वेचे दोघे रेल्वेने श्टेटीन बंदराला आणि तिथून जहाजाने स्वीडनला गेले. डच वैमानिकानेही बरीच वाट रेल्वेनेच कापली, शेवटी स्पेनमार्गे जिब्राल्टर गाठलं. त्यांना तारलं ते बनावट कागदपत्रांनी आणि भाषेने. कागदपत्रं हाताने रंगवणाऱ्यांना चित्रपटाने निदान जागा तरी दिली आहे.