तार ताणली, सोडली नाही

बेळगावच्या शहापुरात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. वर्षभराचं काम ठरलेलं. गणपती मंडळांची गाणी, शिवजयंतीच्या चित्ररथांचे संवाद, भजनी मंडळं. निवडणूक लागली की एकाच उमेदवाराची जाहिरात सकाळी मराठीत आणि दुपारी कन्नडात. या सगळ्यात चार पोरांचा एक रॅप ग्रुप तीन वर्षांपासून माझ्याकडे येतो. अल्बम अजून बाहेर आलेला नाही, म्हणून त्यांचं नाव इथं लिहीत नाही.

त्यांचा पहिला अल्बम म्हणजे ढोल-ताशा, वेग आणि राग. दुकानांच्या पाट्या, सरकारी कचेरीत मराठी कागदासाठी मारावे लागणारे हेलपाटे, हे सगळं त्यात होतं. टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत कॉलेजच्या पोरांना तो तोंडपाठ आहे. दुसरा अल्बम मात्र त्यांनी पार वेगळा केला. चाल संथ, ढोल जवळजवळ नाहीच. नऊ गाण्यांतलं एक पूर्ण कन्नड, आणि चौथ्या गाण्याचा सगळा डोलारा चौंडक्यावर.

चौंडकं आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगतिणी वाजवतात ते. लाकडी पोकळ नळा, एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली एकच तार. नळा काखेत दाबायचा, डाव्या हातानं तार ओढायची, उजव्या हातानं छेडायची. ओढ वाढली की सूर चढतो, सैल सोडली की घरंगळत खाली येतो. रॅपवाली पोरं ज्या घसरत्या बेसवर जीव टाकतात, तो १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या आवाजातून घडला. आमच्या चौंडक्यात ती घसरण कधीपासूनची आहे, हे मी पोरांना हेडफोनवर ऐकवलं, आणि तिथूनच हे गाणं सुरू झालं.

पोरांना यूट्यूबवरचा एखादा तुकडा उचलायचा होता. मी नाही म्हटलं. अमेरिकेच्या डी ला सोल या रॅप ग्रुपची गोष्ट मी त्यांना सांगितली. १९८९ साली त्यांचा पहिला अल्बम गाजला. त्यात न विचारता घेतलेल्या एका तुकड्यासाठी द टर्टल्स बँडच्या लोकांनी दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला. अशाच तुकड्यांच्या हक्कांच्या गुंत्यात त्यांचे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला. त्यांच्यातला डेव्ह जॉलिकर त्याआधी एकोणीसच दिवस, १२ फेब्रुवारीला, वारला. हे ऐकल्यावर पोरं गप्प झाली. मग आम्ही चिकोडी तालुक्यातल्या एका जोगतीण मावशींकडे गेलो, विचारलं, ठरले ते पैसे दिले आणि त्यांच्या ओसरीवर अकरा मिनिटांचं वादन टिपून आणलं.

एका रविवारी पोरांनी आपल्या जुन्या चाहत्यांना अल्बम ऐकायला बोलावलं. पस्तीसेक जण आले. वरच्या मजल्यावर सतरंजी घातली, मोठे स्पीकर लावले. मावशींनाही निरोप होता, पण बस चुकली म्हणून त्या उशिरा पोचल्या आणि दारापाशीच बसल्या.

पहिली तीन गाणी बरी गेली. चौथं लागलं आणि पोरं चुळबुळायला लागली. कन्नड गाणं संपलं तेव्हा टाळ्या अर्ध्याच वाजल्या.

"ओ, हे काय करूलाव तुमी?" खानापूरहून आलेला एक मुलगा उभा राहिला. "तुमच्या पहिल्या गाण्यावर आमच्या गल्लीतली पोरं उभी राहायची. हे ऐकून झोप येते. आणि कन्नड गाणं कशाला? आमी इथं पाटीसाठी भांडूलाव आणि तुमी..." त्याला पुढं बोलवेना.

त्याचं दुखणं मला कळतं. माझे वडील दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीत जायचे. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं गेलं, ते त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या अंगाला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असायची. आमच्या घरात त्या दिवशी मोठ्यानं कुणी बोलत नसे.

मागून एक मुलगी बोलली. घरी कन्नड, शिक्षण मराठीत. "पहिल्या अल्बमवर मी पण नाचलेय. पण ती गाणी मला घरी लावता येत नव्हती. काल ह्यांनी मला हे कन्नड गाणं पाठवलं, ते मी आईला ऐकवलं."

मग एकच गलका. देवीचं वाद्य रॅपमध्ये घालणं शोभतं का, असं एक. शब्द आता कुठं नीट ऐकू येतात, आधी नुसती आरडाओरड होती, असं दुसरं. एक म्हणाला, चौथं गाणं त्याला सगळ्यात आवडलं, पण ते ऐकताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण मिक्स करताना मलाही तसंच झालं होतं. किकचा, म्हणजे खालच्या जड ठोक्याचा, आवाज कमी कर, सुरांची धार बोथट कर, सगळं करून पाहिलं होतं आणि कारण सापडलं नव्हतं.

ग्रुपचा मुख्य पोरगा भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं, डी ला सोलनी १९९१ साली दुसरा अल्बम काढला तेव्हा नावातच स्वतःला मेलेलं जाहीर केलं होतं आणि मुखपृष्ठावर पहिल्या अल्बममधल्या डेझीच्या फुलांची कुंडी फुटलेली दाखवली होती. लोक तेव्हाही बावचळले होते. तो म्हणाला, "दादा, त्यांचं त्यांना. माझ्या गावची पोरं उठून चाललीत." खरंच पाच-सहा जण गेले होते.

तेवढ्यात दारातून मावशींचा आवाज आला. "ते माझं वाजवलेलं परत लाव बघू."

लावलं. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताची मूठ हवेत वर न्यायला सुरुवात केली. सूर चढला, मूठ वर. सूर तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तरी मूठ वरच राहिली. पुन्हा चढला, पुन्हा तुटला. मूठ तशीच. चौथ्या फेऱ्याला त्यांनी डोळे उघडले.

"तार ताणलास लेकरा. सोडलास कुठं?"

सगळे थांबले. मी खाली जाऊन हार्ड डिस्क घेऊन आलो आणि मूळ अकरा मिनिटं लावली. आम्ही चार बारचा, म्हणजे तालाच्या चार आवर्तनांचा, तुकडा कापून तोच पुन्हा पुन्हा फिरवला होता, नेमका ओढीचा, कारण तोच सगळ्यात जोरकस होता. त्यापुढं मावशी तार हळूहळू सैल सोडतात, सूर घरंगळत खाली येतो आणि तळाला पोचला की त्या "उधो" म्हणतात. ही उतरण जवळजवळ दोन बारची. चारच्या चौकटीत ती बसत नव्हती, म्हणून मीच कात्री लावली होती. साडेचार मिनिटं आम्ही ऐकणाऱ्याला नुसतं वर ओढत होतो.

उरलेल्यांसमोरच ती फाइल उघडली. प्रत्येक कडव्यानंतर दोन बार मोकळे केले, किक काढून टाकली आणि मावशींची उतरण जशीच्या तशी ठेवली. चाळीस मिनिटं गेली. कुणी उठलं नाही. खानापूरचा मुलगा माझ्या खुर्चीमागं उभा राहून पडद्यावरच्या लाटा बघत होता. एकदा म्हणाला, "थोडं आधी कापा, श्वास ऐकू येऊलाय." मी म्हटलं, श्वास राहू दे.

गाणं पुन्हा लावलं. पहिली उतरण आली, तार सैल झाली, आणि "उधो" बरोबर मावशींची मूठ मांडीवर आली. खोलीतून दोन-तीन आवाज "उधो" म्हणाले. त्यातला एक त्या कन्नड मुलीचा होता.

वाद काही मिटला नाही. देवीच्या वाद्याबद्दल विचारणाऱ्यानं मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, बाजारात, बसस्टँडवर, लग्नात वाजवतेच की मी. एवढंच. कन्नड गाणं काढा म्हणणारे शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. माझं मत मी पोरांना स्पष्ट सांगितलं, ते ठेवा. मावशी अर्धी ओळ मराठीत आणि अर्धी कन्नडात गातात. त्यांची तार घ्यायची आणि त्यांची अर्धी जीभ कापायची, हे मला पटत नाही. पोरांनी अजून ठरवलेलं नाही. अल्बम दोन आठवडे पुढं ढकललाय.

मावशींना शेवटची बस गाठायची होती. मुख्य पोरानं स्कूटर काढली. चौंडकं पिशवीत घालून कुणी धरायचं यावर थोडी ओढाताण झाली आणि ते खानापूरच्या मुलानं दुसऱ्या गाडीवर मांडीत घेतलं. निघताना तो मला म्हणाला, "पहिलाच अल्बम भारी होता ओ." मग हेल्मेट चढवता चढवता विचारलं, "चौथं माझ्या फोनवर घालता काय?" अजून बाहेर आलं नाही, देता येत नाही, असं मी सांगितलं. तो गेला.