‘पालकांची मदत : होय / नाही’

सहावीतल्या लेकाला जुलैत पर्जन्यमापकाचा प्रकल्प आला. बाटली कापली, पट्टी चिकटवली, अर्ध्या तासात काम झालं. कटर मीच चालवला. अकरा वर्षांच्या पोराच्या हातात तो कोण देईल?

घोळ झाला नोंदींचा. पंधरा दिवस रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून लिहायचं होतं (वेधशाळेचीही हीच वेळ). चिरंजीव चार दिवस विसरले. वही द्यायच्या आदल्या रात्री रडारड. शेवटी मी रद्दीतून त्या तारखांचे पेपर शोधले आणि शहराचा पाऊस त्याला सांगितला. अक्षर त्याचंच, म्हणून मी निर्धास्त!

बाईंनी वर्गात विचारलं, “रोज आठ-दहा मिलिमीटर आणि मधेच एकदम 62?” आमची बाटली गॅलरीत, वर छज्जा. वेधशाळेचं माप उघड्यावरचं. पोरानं सरळ सांगितलं, “बाबांनी सांगितलं.”

वही परत आली, सोबत एक छापील कागद. त्यावर ‘पालकांची मदत : होय / नाही’, खाली सही. बस्स. ‘नाही’ म्हणजे धडधडीत खोटं. ‘होय’ म्हणावं, तर कटर चालवणारा बाप आणि आकडे पुरवणारा बाप एकाच रकान्यात. मी कागदाच्या मागे चार ओळींत सगळं लिहिलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. “मागचं आम्हाला कुठे चढवता येत नाही हो, एकावर खूण करा,” बाई म्हणाल्या. टेबलावर इतर मुलांचे प्रकल्प होते. सनबोर्डवर मशीननं कापलेली अक्षरं, आणि वरच्या तिन्ही कागदांवर ‘नाही’. सहावीत निम्मे गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभरातल्या कामाचे, प्रकल्प त्यातच. मग पालक मागे कशाला राहतील?

मी ‘होय’वर खूण केली. लेकानं चार तारखा खोडून ‘नोंद घेतली नाही’ असं लिहिलं. 10 पैकी 6. त्यात खाडाखोडीमुळे सुबकतेचे दोन गेले, ते मला अजून खुपतात. “तूच सांगितलं होतंस,” म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नोंद चुकली तर काय लिहायचं, हे बाईंना पहिल्याच दिवशी विचारा. आणि हो, बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो. आधी खडे टाकून वर पाणी भरा आणि पट्टीचा शून्य त्या पाण्याच्या रेषेला लावा. पट्टी मुलालाच लावू द्या, वाकडी लागली तरी.