‘सगळं तिकिटात’ किती खरं? कुटुंबासह पहिल्यांदा क्रूझला निघणाऱ्यांसाठी

‘राहणं, खाणं, करमणूक, सगळं तिकिटात’ ही क्रूझची जाहिरात अर्धीच खरी असते. केबिन तिकिटात आहे. मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेतलं जेवण, थिएटरमधले बहुतेक कार्यक्रम, पूल, जिम, ३ वर्षांवरच्या मुलांचा किड्स क्लब, बुफेच्या काउंटरवरचं पाणी आणि साधा चहा-कॉफी हेही आहे. यादी इथेच संपते. कोल्ड्रिंक, दारू, बरिस्ताची कॉफी, वेगळी रेस्टॉरंटं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, फोटो, स्पा, व्हिडिओ गेम, डॉक्टर, तान्ह्या बाळांचं पाळणाघर, रात्री १० नंतरचा किड्स क्लब आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रोजची टिप, यांचे पैसे वेगळे. बोटीवर बहुतेक ठिकाणी रोख चालतच नाही. केबिनची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं, खर्च बोटीवरच्या तुमच्या खात्यावर चढतो, त्यामुळे खिशातून काही जातंय असं वाटत नाही. शेवटच्या रात्री मात्र बिलासाठी रिसेप्शनसमोरची रांग जिन्यापर्यंत जाते. छोट्या, महागड्या बोटींच्या कंपन्या यातलं बरंच काही तिकिटात धरतात, पण मुलाबाळांची कुटुंबं जातात ती हजारो प्रवाशांच्या मोठ्या बोटींवर, म्हणून हे सगळं त्यांच्याबद्दल.

आधी टिप. नाव टिप असलं तरी ती खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही. माणशी, दर रात्रीला ठरलेली रक्कम आपोआप खात्यावर चढते. मुलांचीही चढते, अगदी तान्ह्यांना काही कंपन्या सोडतात, बाकीच्यांचं बऱ्याच कंपन्यांत मोठ्यांइतकंच. चौघं आणि ७ रात्री म्हणजे ती रक्कम २८ वेळा. दोन बोटींची तिकिटं शेजारी ठेवताना हा गुणाकार करून बेरीज केली नाही, तर स्वस्त कोणती ते कळणारच नाही. सुइटवाल्यांना दर आणखी जास्त. काही कंपन्यांत रिसेप्शनवर जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते आणि त्याच्या युक्त्या लोक एकमेकांना मोठ्या हौशीने सांगतात. तो भिकार सल्ला आहे. केबिन साफ करणाऱ्याची आणि वेटरची कमाई बऱ्याच अंशी याच पैशांवर चालते. बुकिंगच्या वेळीच भरून टाका. मधे दर वाढला तरी सहसा वरचा फरक मागत नाहीत.

खरी मेख बारच्या पावतीत आहे. वरच्या ओळीत पेयाची किंमत, त्याखाली बारीक अक्षरात १८ किंवा २० टक्के सेवाशुल्क, मग बेरीज. बेरजेखाली पुन्हा एक रिकामी ओळ, ‘अतिरिक्त टिप’ अशी, आणि तिच्याखाली सहीची जागा. नवखा माणूस ती रिकामी ओळ बघून ओशाळतो आणि सवयीने काहीतरी आकडा टाकतो. एकाच ग्लासवर टिप दोनदा गेली. त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि सही करा. यात काही उद्धटपणा नाही. ज्याला खरंच वर द्यायचं आहे त्याच्यासाठी ती ओळ आहे.

ड्रिंक पॅकेज बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. जाहिरातीत दर रोजचा दिसतो, घ्यावं मात्र लागतं सबंध सफरीचं. शिवाय केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घेतलंच पाहिजे, असा नियम बऱ्याच कंपन्यांत असतो. हिशोब सोपा आहे: पॅकेजच्या रोजच्या दराला एका पेयाच्या मेनूतल्या किमतीने भागा. सेवाशुल्क दोन्हीकडे सारखंच असेल तर ते सोडून द्या. उत्तर ६ आलं, तर दोघांनीही रोज सहा-सहा ग्लास प्यायले तरच बरोबरी होते, आणि फायदा सातव्यापासून. त्यात बंदराचे दिवसही आले. त्या दिवशी आठ तास बोटीबाहेर असलात तरी पॅकेजचं मीटर चालूच. मुलांसाठी नुसत्या कोल्ड्रिंकचं पॅकेज मिळतं, पण ते वसूल करायला मुलाला रोज चार-पाच कॅन पाजावे लागतील. ते करायचं का, हे आईबापांनी ठरवावं.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या टेबलावर दोन पाण्याच्या बाटल्या दिसतील, गळ्यात कागदी टॅग अडकवलेल्या. टॅगवर किंमत छापलेली असते, पण मूल टॅग वाचत नाही, झाकण फिरवतं. त्या बाटल्या आणि मिनीबारमधला माल आल्या आल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, नाहीतर केबिन अटेंडंटला उचलून न्यायला सांगा. नळाचं पाणी पिण्यालायक असतं. घरून रिकामी बाटली आणा आणि बुफेजवळच्या मशिनवर भरा.

मुलांच्या कार्डावर खर्च करण्याची मुभा पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन बंद करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण सहसा न सांगता होत नाही. व्हिडिओ गेमची मशिनं याच कार्डावर चालतात आणि दहा वर्षांच्या मुलाला आपण पैसे उडवतोय याचा पत्ता नसतो. गँगवेवर (बोटीत चढायच्या पुलावर), जेवणाच्या टेबलापाशी, जिन्यात फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घेतला म्हणून विकत घ्यावा लागत नाही. नको असेल तर ‘नको’ म्हणून पुढे चालत राहा. तेही दुसऱ्या दिवसापासून ओळखतात.

फोनची फसवणूक सगळ्यात महाग पडते. बोट खोल समुद्रात गेली की बोटीवरचा स्वतःचा मोबाइल टॉवर चालू होतो, तो उपग्रहावर चालतो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेला नसतो. फोन खिशात असला तरी अॅप मागच्या मागे डेटा ओढत राहतात. धक्का सोडायच्या आत घरातल्या प्रत्येक फोनवर विमान मोड, मगच वायफाय चालू. इंटरनेटचं पॅकेज सहसा माणसावर नसतं, एका वेळी किती उपकरणं चालतील यावर असतं. एकाने लॉग आउट केलं की दुसऱ्याला त्याच पॅकेजवर जाता येतं, तेव्हा चौघांना चार पॅकेजं लागत नाहीत. कंपनीचं अॅप मात्र जमिनीवर असतानाच डाउनलोड करून ठेवा. बोटीच्या आत मेनू, वेळापत्रक आणि खात्याचा हिशोब त्यावर फुकट बघता येतो.

खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी रोज अंदाजे रक्कम अडकवून ठेवते आणि सफर संपल्यावरही ती सुटायला आठवडा-दोन आठवडे जातात; तोवर तुमचेच पैसे तुम्हाला मिळत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या आणि ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा. त्या सोयीच्या दरात काही टक्के दडलेले असतात. खातं रोज रात्री झोपण्यापूर्वी अॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर तपासा. दुसऱ्याच्या केबिनचं पेय आपल्या नावावर चढणं ही नेहमीची चूक आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाच मिनिटांत निस्तरते. शेवटच्या रात्रीवर टाकलंत तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा.

केबिनबद्दल थोडक्यात. आतली, खिडकी नसलेली केबिन साधारण १४ ते १७ चौरस मीटरची असते आणि चौघांत दोघं छतातून उघडणाऱ्या बर्थवर झोपतात. झोपायला पुरते, पावसात बसून राहायला नाही. चार जणांच्या केबिन लवकर संपतात, कारण बोटीच्या त्या भागाच्या लाइफबोटींत किती माणसं मावतात यावरही तिसऱ्या-चौथ्या माणसाचं बुकिंग अडतं. केबिन रिकामी दिसते पण चौघांना मिळत नाही. जागा निवडताना वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी निवडा. पूलच्या डेकखाली पहाटे खुर्च्या ओढतात, नाइटक्लबवर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात, अगदी पुढच्या टोकाला बंदरात शिरताना नांगराच्या साखळ्या आणि थ्रस्टर (बोट आडवी सरकवणारे पंखे) गडगडतात. ‘गॅरंटी’ नावाने स्वस्तात मिळणारी केबिन म्हणजे नंबर कंपनी देईल तो. मुलं असतील तर घेऊ नका. येताना इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका, तपासणीत काढून घेतात आणि उतरतानाच परत देतात. भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक मात्र फार कामाला येतात; ओल्या कपड्यांना दुसरी जागाच नाही.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी कधीकधी रात्रीच येतात. औषधं, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे, बाळाचे डायपर पाठीवरच्या सॅकमध्येच हवेत. डायपरमधल्या बाळांना बहुतेक बोटींच्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी नाही. त्यांच्यासाठी वेगळी पाण्याची जागा आहे का हे बुकिंगआधीच विचारा. ६ महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या बोटीवर घेतच नाहीत, सलग समुद्रात जाणाऱ्या लांबच्या सफरीवर १२ महिन्यांखालचं. सफर संपेपर्यंत २४ वा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईलाही सहसा नाही.

सुटण्याआधीची सुरक्षेची कवायत चुकवू नका. २०१२ च्या जानेवारीत कोस्टा काँकॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्या अपघातात ३२ माणसं गेली. त्यानंतर कवायत सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. आता बऱ्याच बोटींवर व्हिडिओ बघून ठरलेल्या जागी हजेरी लावायची असते. भोंग्याचा इशारा लक्षात ठेवा: सात छोटे आणि एक लांब. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसतील तर त्याच दिवशी मागून घ्या.

व्हिसा हा पैशांपेक्षा मोठा खड्डा आहे. बोट एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. शेंगेन देशातून (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांपैकी एकातून) निघालेली बोट मधे ट्युनिशियाला जाऊन परतली, तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे कारण चेक-इनवाले ऐकत नाहीत. कागद अपुरा असेल तर चढूच देत नाहीत आणि तिकिटाचे पैसेही बुडतात. मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र सोबत ठेवा.

बंदरात घड्याळ बोटीचं, गावाचं नाही. फोन आपोआप स्थानिक वेळ पकडतो आणि लोक त्यावरच फसतात. मुलाच्या मनगटावर बोटीच्या वेळेचं साधं घड्याळ बांधा. सगळ्यांनी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी बोटीवर असायचं असतं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते किंवा पुढच्या बंदरावर पोचवायची सोय कंपनी करते. स्वतःची टॅक्सी अडकली तर बोट जाते आणि पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. चालत जाण्यासारखं गाव असेल तर कंपनीची सहल घेणं म्हणजे पैशांची नासाडी. दोन तास लांबचं ठिकाण असेल तर तिचीच घ्या. धक्का नसलेल्या बंदरात छोट्या टेंडर बोटीने उतरवतात आणि वारा वाढला की ते बंदरच रद्द होतं.

बोट लागणाऱ्यांनी खालचा मजला आणि मधली केबिन घ्यावी. स्टॅबिलायझर आडवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारं हिंदकळणं नाही. मेक्लिझिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर काम करत नाही, तासभर आधी घ्यायची. मुलांचा डोस डॉक्टरांकडून लिहून आणा. याच कामाचं दुसरं औषध, प्रोमेथाझिन, २ वर्षांखालच्या बाळांना द्यायचं नसतं आणि कानामागे चिकटवायचा औषधी पॅच लहान मुलांसाठी नाही. उलट्या-जुलाब लावणाऱ्या नोरोव्हायरसपुढे हाताला चोळायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल जबर असतं, तेव्हा समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलेला प्रवास विमा नसेल तर निघूच नका.

समुद्रातल्या निवांत दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते आपोआप छान जातात. शेवटची सकाळ मात्र वैतागाची. बॅगा आदल्या रात्री १०-११ च्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि दर सफरीत कोणीतरी सगळे कपडे त्यात भरून सकाळी नाइटसूटवर उभं असतं. उद्याचे कपडे, चपला, औषधं, चार्जर आधी बाजूला काढा, मग बॅग बंद करा. सामान स्वतः ओढत नेणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडतात. बॅगा चाकांच्या असतील आणि हातात धरायचं मूल नसेल तर हाच पर्याय घ्या. केबिन सकाळी ८ च्या सुमारास सोडावी लागते आणि लिफ्टसाठी दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. बोट पहाटे लागली तरी दुपारी १२ च्या आतलं विमान काढू नका. ‘७ ला बोट, १० ला विमान’ हे एजंटचं गणित कागदावरच जुळतं.