जवळून कशा दिसतात त्या?

म्हापशात माझा दवाखाना आहे. शुक्रवारी बाजाराला आलेल्या बायका पिशव्या बाकाखाली सारतात आणि मी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघेपर्यंत दोन गोष्टी बोलून घेतात. काही वर्षांपूर्वी उत्तर गोव्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचा मुक्काम होता आणि स्पर्धक मुलींची डॉक्टर म्हणून मी दहा दिवस तिथे होते. ही बातमी गावभर झालीय. त्यामुळे प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, जवळून खरंच तशा दिसतात काय त्या?"

बाहेर वीस पेशंट खोळंबलेले असताना याचं उत्तर देता येत नाही. इथे देते, तुम्ही विचारलंत म्हणून.

चेहरे मी फार थोडे पाहिले. पाय पाहिले. पाच-सहा इंची टाचेच्या सँडलमध्ये सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत तालीम चालायची, तीही लाकडी फळ्यांच्या रंगमंचावर. टाचेमागे फुटलेले फोड, करंगळीवर कुरूप, अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड. विशीतल्या मुलींचे हे पाय. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या बायका बोटांमधल्या चिखल्या घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे पाय मी जसे मांडीवर घेते तसेच हे घेतले. हात लावल्यावर मला दोन्हींत फरक जाणवला नाही. कामाने झिजलेला पाय हातात आला की कळतो.

मग कातडी. गाऊन जागचा हलू नये म्हणून अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावतात. पोहण्याचा पोशाख सरकू नये म्हणून चिकट फवारा मारतात. रात्री ते सगळं ओढून काढताना कातडीचे पापुद्रे निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पट्टी. देशाचा पारंपरिक पोशाख घालून चालायची एक फेरी असते. त्यात पाठीला पंख, डोक्यावर मनोरा, सगळं तारेवर बांधलेलं. एका मुलीच्या दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ होते. हसू तासभर टिकावं, ओठ दातांना चिकटू नयेत म्हणून काही जणी दातांवर व्हॅसलीन फिरवतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जबड्याच्या सांध्याला हात लावून बघितला. हसून हसून तो दुखत होता.

पाण्याचं मात्र मला सहन झालं नाही. पोट सपाट दिसावं म्हणून आदल्या दुपारपासून काही जणी पाणी तोडत. मे महिना नव्हता, तरी आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या रात्री एक मुलगी लिफ्टसमोर कोसळली. झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला, तर वरचा आकडा तिसाहून जास्त उतरला. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या एका मावशींना उकड्या तांदळाची पेज करायला सांगितली, वर चिमूटभर मीठ. ती मुलगी डोळे मिटून ती पेज प्यायली. संयोजकांपैकी एक जण दारात उभा राहून मला विचारत होता, उद्याच्या फोटोसाठी ती उभी राहील ना? मी नाही म्हटलं. तिने हो म्हटलं, आणि राहिली.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही सर्रास. एकीच्या पर्समधून दुसरीच्या पर्समध्ये जात. घरी कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, स्वतःला कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे कुणी विचारलेलं नसायचं; तसं असेल तर या गोळ्यांनी धोका वाढतो. त्यात बारा-चौदा तासांचा विमानप्रवास करून आलेल्या मुली. पहिल्या रात्री एकेकीला बसवून मी हे विचारत गेले, झोपायला तीन वाजले.

तर त्या जवळून कशा दिसतात? दमलेल्या दिसतात. आणि फार शिस्तीच्या. सौंदर्य म्हणजे देवाचं देणं, या मुली नुसत्या उभ्या राहतात आणि जिंकतात, असं आपण समजतो. ते अंगमेहनतीचं काम आहे आणि त्या ते काम करणाऱ्या बायका आहेत. एवढंच की त्यांचं काम दिसू नये हाच त्यांच्या कामाचा नियम.

माझ्या दवाखान्यात फळ्याशेजारी 1966 च्या मिस वर्ल्ड रीटा फारिया यांचा फोटो लावलाय, त्याबद्दलही तुम्ही विचारता. त्याची गोष्ट माझ्या आईची आहे.

1966 च्या नोव्हेंबरात आई पंधरा वर्षांची होती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर जनमत कौल व्हायचा होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आमचं घर फुलाचं. कुंपणापलीकडचं ख्रिस्ती कुटुंब दोन पानांचं. आजोबा आणि शेजारचे बाब एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन्ही आज्या खाली मान घालून कळशी उचलत. आणि 17 नोव्हेंबरला लंडनमध्ये मूळ गोंयकार घराण्यातली, मुंबईत जन्मलेली ही मुलगी जगत्सुंदरी, म्हणजे मिस वर्ल्ड, झाली. आशियातली पहिली. दोन्ही घरांनी तिला 'आमची' म्हटलं. शेजारच्या आजीने वर्तमानपत्रातला फोटो कापला आणि कुंपणावरून माझ्या आजीच्या हातात दिला, पोरींना दाखव म्हणाली. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं आणि 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. फोटो मात्र आईच्या वहीत राहिला. माझ्या दवाखान्यात आहे तो त्याचीच मोठी केलेली प्रत.

आईने ही गोष्ट मला 1994 मध्ये सांगितली. मी तेव्हा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात शिकत होते. मे महिन्यात मनिलाला सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड, आणि हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही मुली एकमेकींच्या खांद्यांवरून माना लांब करून बघत होतो. घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, भारताला असं पहिल्यांदाच मिळतंय. ती उठून वही घेऊन आली.

रीटा फारिया तेव्हा 23 वर्षांच्या होत्या आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर व्हायला शिकत होत्या. लंडनला जाताना हातात तीन पौंड आणि पेटीत मागून आणलेले कपडे. पोहण्याचा पोशाख मॉडेल पर्सिस खंबाटांकडून घेतलेला, तो यांच्या उंचीला बसेना, तेव्हा त्या तीन पौंडांतूनच नवा घेतला. संध्याकाळच्या पोशाखाच्या फेरीत साडी नेसल्या. डॉक्टर का व्हायचंय असं विचारल्यावर, भारतात बायकांच्या डॉक्टरांची गरज आहे, अशा अर्थाचं बोलल्या. त्या डिसेंबरात अमेरिकी विनोदी नट बॉब होप यांच्याबरोबर व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांसमोर गेल्या, आणि आपल्या सरकारला ते रुचलं नाही. वर्ष संपलं. सिनेमा, मॉडेलिंग समोर होतं. त्या शिक्षणाकडे परतल्या, लंडनला किंग्ज कॉलेजात शिकल्या, डॉक्टर झाल्या, डब्लिनला स्थायिक झाल्या.

मुकुट मिळाल्याचं मला कौतुक आहेच, खोटं का बोलू. पण फोटो लावलाय तो त्या परत गेल्या म्हणून. शरीराकडे सगळं जग बघत असताना त्या शरीररचनेच्या पुस्तकाकडे वळल्या. डॉक्टरकीचा अभ्यास अर्ध्यात सोडायचा मोह मला स्वतःला दोनदा झाला होता, दोन्ही वेळा आईची ती वही आठवली.

तुमच्यापैकी काही जणी विचारतात, मग या स्पर्धा असाव्यात की नसाव्यात? 1970 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बायकांनी याच मिस वर्ल्ड स्पर्धेवर पीठ उधळलं. बायकांना गुरांच्या बाजारासारखं मापू नका, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टेन जिंकली, मिस वर्ल्ड झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तेही मला मोलाचं वाटतं. 1996 मध्ये बंगळूरला स्पर्धा आली तेव्हा एवढा विरोध झाला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. फेरी राहिली, फक्त आपल्या डोळ्यांआड गेली. मिस वर्ल्डने ती काढली 2015 मध्ये. मिस युनिव्हर्सने लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकांना 2023 पासून येऊ दिलं. पहिल्याच, 1952 च्या मिस युनिव्हर्सला आपल्या नृत्यांगना इंद्राणी रहमान गेल्या होत्या, तेव्हा त्या विवाहित होत्या आणि आई होत्या. मधली इतकी वर्षं कुणाच्या सोयीची होती?

माझं भांडण सौंदर्याच्या मापाशी आहे. ते माप हॉटेलातून बाहेर पडतं आणि माझ्या दवाखान्यात येतं. सतरा वर्षांची मुलगी समोर बसते, गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढलेली. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेलं गोरं करणारं मलम सहा महिने लावलेलं असतं. त्यात स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, म्हणून ती लावत राहते. बंद केलं की आग होते, पुरळ उठतं, म्हणून पुन्हा लावते. एकटीने एकदम बंद करू नका, माझ्याकडे या किंवा कातडीच्या डॉक्टरकडे जा, हळूहळू सोडवता येतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी अशी ट्यूब असेल तर आज मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती लावणाऱ्या मुलीला रागावू नका, तिला घेऊन या.

त्या दहा दिवसांतली एक मुलगी मात्र सांगायची राहिली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पहिल्याच रात्री माझ्या खोलीत आली, हात धुतले आणि विचारलं, ड्रेसिंग मी करू का? मग रोज यायची. तालीम संपली की चपला हातात घेऊन अनवाणी. तिची पट्टी माझ्यापेक्षा सफाईदार असायची. दुसऱ्या मुली तिच्यापाशी पाय पुढे करताना लाजत नसत, माझ्यापाशी लाजत.

पहिल्या वीसमध्ये तिचं नाव आलं नाही. त्या रात्री ती उशिरा आली, पापण्यांचा गोंद अजून डोळ्यांच्या कडेला होता. मी विचारलं, वाईट वाटतंय? हो म्हणाली, खूप. थोडी रडली. मग माझ्या टेबलावरची मीठ-साखरेची पाकिटं मोजली, अंतिम फेरीतल्या मुलींच्या खोल्यांत दोन दोन ठेवून आली, आणि कुणाच्या पायाची पट्टी सकाळी बदलायची आहे ते माझ्या वहीत लिहून दिलं. पहाटे तिचं विमान होतं. सोमवारी रात्रपाळी होती.