आमची वाटचाल : जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनांची दुरुस्ती

लहान विद्युत मोटारींची दुरुस्ती करणारी कार्यशाळा म्हणून आम्ही सुरुवात केली आणि त्यातूनच मॉडेल रेल्वेची जुनी इंजिने आमच्याकडे येऊ लागली. आज तोच आमचा मुख्य व्यवसाय आहे. यांतील बहुतेक इंजिने मोडलेली नसतात, तर वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिल्याने त्यांचे वंगण वाळून चिकट झालेले असते. अशा स्थितीत थेट वीजपुरवठा दिल्यास अडकलेले आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) तापून त्याच्या वेटोळ्यांवरील इन्सुलेशन जळू शकते. म्हणून प्रथम मोटारीचा आस बोटाने फिरवून पाहणे, जुने वंगण पूर्णपणे काढणे आणि कम्यूटेटरच्या (आर्मेचरला वीज पोहोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याच्या) खाचांत साचलेली कार्बनची भुकटी लाकडी काडीने साफ करणे, हा क्रम आम्ही मोडत नाही.

पुढचा टप्पा चुंबकांमुळे आला. 1938 मध्ये बाजारात आलेल्या 'हॉर्नबी डब्लो' या ब्रिटिश मालिकेची 12 व्होल्ट एकदिश (डीसी) प्रवाहावर चालणारी इंजिने स्वच्छ करूनही कधी कधी ओढ धरत नाहीत, उलट जास्त प्रवाह खेचून तापतात, कारण त्यांचे चुंबक कालांतराने क्षीण झालेले असतात. तेव्हा आम्ही क्षीण चुंबकांना पुन्हा बळ देणारे चुंबकन यंत्र घेतले, आणि तो खर्च सार्थकी लागला असे मला आजही वाटते. आर्मेचर बाहेर काढताना चुंबक क्षीण होऊ नये म्हणून त्याच्या ध्रुवांना लोखंडी पट्टी लावण्याची सवयही तेव्हापासूनची.

मार्कलिन या जर्मन कंपनीच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहावरील इंजिनांचे तंत्र वेगळे आहे. त्यांत सुमारे 24 व्होल्टचा क्षणिक झटका दिल्यावर रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) इंजिनाची दिशा बदलतो. रिलेची स्प्रिंग सैल असेल तर भरधाव चालताना इंजिन अचानक उलटे फिरते आणि ताठ असेल तर दिशा बदलतच नाही. ही स्प्रिंग जुळवणे हे आमच्या कामातील सर्वांत संयमाचे काम होय.

इंजिनाच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाची अशुद्धी राहिली असेल तर मात्र धातू आतून फुगून तडकतो. त्यावर उपाय नसल्याने तसे आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो आणि शक्य तिथे नवा भाग घडवून बसवतो. मूळ रंग आम्ही पुन्हा देत नाही, कारण झिजलेला का असेना, कारखान्यातला रंग एकदा गेला की परत येत नाही. बदललेला प्रत्येक जुना भागही इंजिनासोबत ग्राहकाला परत दिला जातो.