महिन्याला पाचशे : अकराव्या महिन्याची नोंद

लहानपणी खेळलेले जुने टीव्ही गेम जमवतो, त्यावरचा या महिन्याचा खर्च ४१५ रुपये. त्यात 'मीडिया' नावाचा एक टीव्ही गेम दीडशेला, अशा गेमला जोडून खेळायची एक बंदूक शंभरला, नवा अ‍ॅडॅप्टर १२० ला आणि दुरुस्तीचं सामान ४५ चं. ८५ रुपये उरले, ते पुढच्या महिन्यात जमा.

नियम तोच आहे. महिन्याला पाचशेच्या वर जायचं नाही आणि होता होईल तो भुसावळ-जळगावच्या बाहेरून काही मागवायचं नाही. सुरुवात केली तेव्हा डोक्यात मूळ जपानी निन्टेन्डो आणि सेगा होते. चार-सहा आठवडे किमती बघितल्या आणि लक्षात आलं की एक बरी कॅसेट कुरिअरसकट माझ्या चार महिन्यांचे पैसे खाऊन टाकते. मग भंगाराच्या दुकानांकडे वळलो. त्या वेळी ती तडजोड वाटली होती. आज तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते या महिन्यात नीट कळलं.

आपल्याकडे मूळ मशीन होती किती? सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आलं, किंमत १८ हजार. तेवढ्यात त्या काळी घरात रंगीत टीव्ही येऊन वर पैसे उरले असते. आमच्या गल्लीत काय, शाळेतही कुणाकडे सेगा असल्याचं मी ऐकलं नाही. आपण खेळलो ते सामुराई, मीडिया आणि नाव नसलेल्या पिवळ्या कॅसेटींवर. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या या नकला, साठ पिनांच्या कॅसेटवर चालणाऱ्या. बाहेरचे संग्राहक यांना बनावट म्हणून बाजूला टाकतात. पण खान्देशातल्या पोरांनी मारिओ आणि कॉन्ट्रा बघितला तो यांच्यावरच.

आता मीडियाची हकीकत.

मे महिना, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. भंगाराच्या दुकानात कुलरच्या गंजलेल्या पत्र्यांखाली पांढऱ्याचं पिवळं झालेलं प्लॅस्टिक दिसलं. ओढून काढलं तर अख्खा गेम, एक रिमोट वायरसकट, दुसरा नाही, अ‍ॅडॅप्टर नाही.

"काका, हे कितीला?"

"कायले पाहिजे तुले ते? बंद आहे."

"बंद असलेलंच पाहिजे."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा गेमकडे बघितलं. "दे मग दीडशे." किलोच्या भावाने तीस-चाळीसच झाले असते, पण मी घासाघीस केली नाही. माणूस ओळखीचा झाला की पुढच्या वेळी फोन करतो. मार्चमधला २३ कॅसेटींचा लॉट मला तसाच मिळाला.

दुरुस्ती रात्री अकराला गच्चीवर, कारण दिवसा सोल्डरिंग गन हातात धरवत नाही. खालचे सहा स्क्रू काढले. आत बोटभर धूळ, झुरळांची वाळलेली अंडी, आणि त्याखाली दोन लांबलचक चाळीस पायांच्या चिप : यूए६५२७पी हा प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूए६५३८. हे बघून मला खरोखर आनंद झाला. नंतरच्या काळातल्या स्वस्त गेममध्ये या दोन्ही चिपांचं काम एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली कोंबलेलं असतं. तो ठिपका गेला की बोर्ड गेला, काहीच करता येत नाही. वेगळ्या चिपा असल्या की दुरुस्तीला वाव राहतो.

मीटर लावला. आलेल्या विजेचे नेमके ५ व्होल्ट करणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या पहिल्या पायावर ९ व्होल्ट येत होते, तिसऱ्या पायावर शून्य. त्याच्या शेजारचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. बहुतेक कुणीतरी उलट्या पोलॅरिटीचा, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल असलेला, अ‍ॅडॅप्टर लावला असणार. या मशीनना साधारण मधला पिन निगेटिव्ह लागतो आणि हल्ली घरात सापडणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर मधला पिन पॉझिटिव्हवाले असतात. जॅक तोच, बसतोही बरोबर, आणि मशीन जातं. सेगावाल्यांनीही जपा : मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मध्ये निगेटिव्ह, दुसऱ्याला मध्ये पॉझिटिव्ह. भंगारातून आणलेल्या मशीनला मीटर लावल्याशिवाय अ‍ॅडॅप्टर जोडायचाच नाही, ही माझी पहिल्या महिन्यापासूनची सवय आहे.

नवीन ७८०५ पंधरा रुपयांना, एक जास्तीचा घेऊन ठेवला, म्हणजे तीस. कपॅसिटर पंधरा. डाग देऊन झाल्यावर मोजलं तर ५.०२ व्होल्ट. टीव्हीवर आधी नुसते राखाडी पट्टे आले. कॅसेट काढली, तिचे पितळी दात पांढऱ्या खोडरबरने घासले, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी फिरवली, पुन्हा बसवली. चित्र आलं.

फुंकर मारू नका, हे इथे पुन्हा लिहून ठेवतो. लहानपणी आपण सगळ्यांनी मारली आणि ती लागू पडते असंच वाटायचं. खरा फरक पडायचा तो कॅसेट काढून परत घातल्याने, कारण पिनांचा स्पर्श नव्याने व्हायचा. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट ते दात काळे पडतात. लॉटमधल्या २३ पैकी ९ कॅसेटींवर हिरवट गंज होता. सातांचा निघाला, दोन गेल्या.

त्याच लॉटमध्ये '९९९९९९९ इन १' असं छापलेली एक कॅसेट आहे. एक रविवार तिच्यावर घालवला. खरे गेम सात. बाकीची यादी म्हणजे तेच सात पुन्हा, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे नुसतं नाव वेगळं. सातांत टँक, रोड फायटर आणि बदकं आहेत, त्यामुळे माझी तक्रार नाही.

आता जे सांगायला ही नोंद लिहायला बसलो ते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली होती. तिच्यासाठी आधी मोबाइलवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं अ‍ॅप, लावून मारिओ दिला. दोन मिनिटं खेळली आणि म्हणाली, "हे काहीतरी फास्ट आहे रे. गाणं असं नव्हतं." मी म्हटलं, तुला तसं वाटतंय, तीस वर्षं झाली. मग रात्री दुरुस्त झालेला मीडिया चौदा इंची टीव्हीला जोडला. पहिल्या दोन सेकंदांत ती म्हणाली, "हां, आता बरोबर."

तिचंच बरोबर होतं. जपान आणि अमेरिकेतलं मशीन सेकंदाला साठ चित्रं काढतं. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, पन्नासचा. म्हणून आपल्याकडे आलेल्या या नकला पन्नासवर चालणाऱ्या होत्या आणि यूए६५२७पी, यूए६५३८ ही जोडी त्याच जातीची आहे. गेममधलं संगीत चित्राच्या प्रत्येक फेरीबरोबर एक पाऊल पुढे सरकतं. फेऱ्या साठाऐवजी पन्नास झाल्या की चाल सहाव्या हिश्श्याने मंदावते. सूर मात्र जवळजवळ तोच राहतो, कारण तो प्रोसेसरच्या घड्याळावर ठरतो आणि ते घड्याळ या चिपांमध्ये जपानी मशीनच्या अगदी जवळचं ठेवलं आहे. म्हणजे स्वर तोच, लय संथ. मारिओच्या उड्याही तशाच.

आमच्या पिढीने इथे ऐकलेला मारिओ हा संथ मारिओ आहे. तो मूळ जपानी मशीनवर मिळत नाही, एम्युलेटरच्या नेहमीच्या सेटिंगवरही मिळत नाही. रशियात १९९२ मध्ये आलेली डेंडी ही नक्कल याच पद्धतीची होती, म्हणून मेसेन आणि एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाची सेटिंग दिलेली आहे. ती लावून बघा, ओळखीची लय ऐकू येईल. पण माझ्यापुरता प्रश्न मिटला. कितीतरी महिन्यांचे पैसे साठवून मूळ फॅमिकॉम आणला असता, तर ताईने त्यालाही फास्टच म्हटलं असतं. मला जे जपायचं आहे ते दीडशे रुपयांच्या या डब्यात आहे, आणि दर पावसाळ्यात, दर दिवाळीच्या साफसफाईत असे डबे तुटून प्लॅस्टिकच्या पोत्यात चाललेत. म्हणून आता मूळ मशीनची यादी मी बंद केली. खान्देशात विकले गेलेले टीव्ही गेम जमवायचे, एवढंच काम.

बंदूक जळगावला जुन्या बाजारात मिळाली. प्लगजवळ वायर आतून तुटली होती, दोन इंच कापून पुन्हा जोडली. इथे एक इशारा : नऊ पिनांचा प्लग दिसतो सारखाच, पण जोडणी प्रत्येक नकलेत तीच असेल असं नाही, आणि सेगाच्या रिमोटचा प्लगही तसाच दिसतो. मीटरने वायरी तपासल्याशिवाय घुसवू नका.

बंदूक फक्त जुन्या काचेच्या, पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीवर चालते. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा छोटा डोळा असतो, त्याला त्या ठराविक क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. सपाट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, आणि काचेच्या टीव्हीत किरण रेघ-रेघ फिरल्याने जी थरथर असते ती त्यात नसतेच. म्हणून माझा चौदा इंची टीव्ही हा संग्रहातला सर्वात महत्त्वाचा तुकडा आहे. तो फुकट मिळाला, रिक्षाचे साठ रुपये गेले. आत्ता लोक हे टीव्ही उचलून न्या म्हणून मागे लागतात, तेव्हा जागा असेल तर दोन घेऊन ठेवा. मात्र मागचं झाकण स्वतः उघडू नका. बटण बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले राहतात. ते काम आमच्या गल्लीतले टीव्ही मेकॅनिक काका करतात, मी बॅटरी धरून उभा राहतो.

जुन्या प्लॅस्टिकचा पिवळेपणा कसा काढायचा, असं दोघांनी विचारलं होतं. जानेवारीत सामुराईच्या टपावर प्रयोग केला. या एबीएस प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनचं संयुग घातलेलं असतं, उन्हाने आणि काळाने ते पिवळं पडतं असं मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी रंग बराच परत येतो. ब्यूटी पार्लरच्या होलसेल दुकानात '४० व्हॉल्यूम' म्हणून पेरॉक्साइडच्या क्रीमची बाटली मिळते, म्हणजे १२ टक्के. हातमोजे हवेतच. ऊन आपल्याकडे मुबलक, पण भुसावळच्या मे महिन्यात हे करू नका : क्रीम जागोजागी वाळतं आणि प्लॅस्टिकवर ढगाळ पांढरे डाग उठतात, ते मग जात नाहीत. मी थंडीत सकाळी नऊ ते एक ठेवलं, वर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली आणि अर्ध्या तासाने क्रीम फिरवत राहिलो. रंग ताकासारखा आला. काही वर्षांनी पुन्हा पिवळा पडू शकतो, हे धरून चालायचं.

प्लेस्टेशन २ माझ्या मुख्य कामाच्या बाहेर आहे, पण जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका ड्रॉवरमध्ये दोन डिस्क दिसल्या आणि सोडवल्या नाहीत : 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा', दोन्ही २००९ च्या, प्रत्येकी ८० रुपये. हे फेब्रुवारीतलं. पहिला गेम हैदराबादला बनलेला, दुसऱ्यात विटीदांडू, कबड्डी आणि पतंग आहेत. या डिस्क आपल्याच बाजारासाठी निघाल्या होत्या. ड्रॉवर चाळा, अजून मिळतील.

अकरा महिन्यांचा हिशेब : ५५०० पैकी ५०८० खर्च. हाताशी चालू स्थितीत तीन टीव्ही गेम, ३१ कॅसेटी, दोन बंदुका, एक टीव्ही. पुढच्या महिन्यात दुसरा रिमोट शोधायचा आहे आणि जमलं तर सामुराईचा मूळ खोका. कुणाकडे दुकानाचं जुनं बिल किंवा वॉरंटी कार्ड असेल तर फेकू नका, मला नुसता फोटो दिलात तरी चालेल. कुठल्या गावात, कुठल्या वर्षी, कितीला विकला गेला हे फक्त त्या कागदांवर उरलं आहे.

मीडियाला मात्र मी पेरॉक्साइड लावणार नाही. साफ करताना त्याच्या पोटावर, स्टिकरच्या बाजूला, निळ्या बॉलपेनने लिहिलेली एक ओळ निघाली : 'कॉन्ट्रा फिनिश. २४-५-९८. ७ वी ब.' अल्कोहोलची काडी तिथून दोन बोटं लांब होती तेव्हा दिसली आणि हात थांबला. सुट्टीतला दिवस असणार, भर दुपारी आत बसलेली पोरं. वर-वर-खाली-खालीचा तीस जिवांचा कोड लावून केला की तीनच जिवांत, ते लिहिलेलं नाही. कॉन्ट्राची कॅसेट त्याच मशीनवर, त्याच संथ लयीत, मी रोज रात्री जेवणानंतर लावतो. कोड न लावता पाचव्या टप्प्यापर्यंत, त्या बर्फाच्या मैदानापर्यंत पोचलो आहे.