वजनदार पाच व्होल्ट

नवा पॉवर सप्लाय उचलला आणि हात नको तितका वर गेला. शेजारीच त्याचा पूर्वज पडला होता, कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा काळा ठोकळा. तो उचलायचा म्हटलं की मनगट आधीच तयारीला लागतं. देणार दोघंही तेच: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. मग हा जुना एवढं काय पोटात घेऊन बसलाय, हा प्रश्न दुपारभर डोक्यात राहिला. खरं तर उत्तर ठाऊक होतं. लोखंड, तांबं आणि सगळ्यावर ओतून घट्ट केलेलं एपॉक्सी. उघडायची सोयच नाही.

लहानपणी मामेभावाकडे हा ठोकळा टेबलाखाली असायचा. टेपवरून गेम लोड होईपर्यंत करायला दुसरं काही नसायचं, म्हणून मी त्याच्यावर पाय ठेवून बसायचो. छान कोमट लागायचा. आतली बारीक घूं घूं तळपायांना जाणवायची. दादा ओरडायचा, ‘पाय काढ, गेम अडकेल.’ गेमचा आणि माझ्या पायांचा संबंध काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि गेम तर पाय काढूनही अडकायचाच.

ती ऊब म्हणजे त्याचं दुखणंच होतं. आतला रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता एपॉक्सीत कोंडून राहते. बरं, मरताना तो निमूट मरतही नाही. पाचाचे सहा होतात, कधी त्याहून जास्त, आणि बहुधा रॅमच्या चिप्स आधी जातात. म्हणून जुना ठोकळा कितीही आवडता असला तरी मी तो मशीनला लावत नाही.

गंमत अशी, की आपण ज्याला आधुनिक म्हणून बसवतो ते स्विचिंगचं तंत्र, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून हवं तेवढंच व्होल्टेज काढणं, या ठोकळ्याहून जुनं आहे. १९७७ च्या अ‍ॅपल टू कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅपलचा इंजिनिअर रॉड होल्टनं स्विचिंग सप्लायच दिला होता. कमी तापायचा, पंख्याची गरज नव्हती. कमोडोर ६४ आला १९८२ ला, तरी सोबत लोखंडच घेऊन आला.

माझा एक हट्ट आहे. आतलं बदललं तरी सप्लायचा डबा जुनाच हवा. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॉटचा, आणि त्याचा मोठा लाल खटका मशीनच्या उजव्या बाजूला बाहेर डोकावतो. सप्लाय बदलायचा म्हणून लोक एटीएक्स, म्हणजे हल्लीच्या पीसीतला सप्लाय, आणतात, हिरवी वायर काळीला जोडून तो कायमचा चालू करून टाकतात आणि मागे कुठेतरी एक फालतू बटण लावतात. चालतं, नाही असं नाही. पण लाल खटका नुसता शोभेला ठेवायचा, हे मला बघवत नाही. शिवाय हल्लीच्या एटीएक्समधून उणे ५ व्होल्टची लाइन गायब, आणि जुन्या ४११६ या रॅम चिप्सना ती लागतेच. मग उणे १२ वरून ७९०५ हा रेग्युलेटर लावून ती काढायची, तो खटपटीचा भाग निराळा. एवढं सगळं जुन्या डब्यात बसवल्यावरही आत जागा उरते. तिथे मी एक लोखंडी पट्टी स्क्रूनं घट्ट बसवतो, कशाला टेकणार नाही अशी. वजनासाठी. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

पण कमोडोरच्या त्या ९ व्होल्ट एसीत खरी मेख आहे. मशीनमध्ये ६५२६ नावाच्या दोन चिप्स असतात आणि दोघींत एकेक घड्याळ. ते घड्याळ टिकटिकतं या एसीवर, सेकंदाला ५० किंवा ६० ठोके, जिथली वीज असेल तसे. म्हणजे दूरच्या वीजकेंद्रात जनित्र फिरतंय आणि टेबलावरचं हे मशीन त्याच्या फेऱ्या मोजतंय. ग्रिडवर ताण आला, जनित्र किंचित मंदावलं, की हेही तेवढंच मागे पडणार. आता बाजारात डीसीपासूनच एसी बनवून देणारे अडॅप्टर आहेत. चांगले असतात, ठोकेही मोजून देतात. पण ते ठोके त्या अडॅप्टरनं स्वतः ठरवलेले. जनित्राशी त्याचं काही देणंघेणं नाही.

ते घड्याळ मी आजवर कशासाठी वापरलेलं नाही. मला आवडणाऱ्या गेमपैकी एकही त्याच्याकडे बघत असेल असं वाटत नाही. तरी नवा सप्लाय घेताना मी आधी तेच विचारतो, की ९ व्होल्टला आत खरा ट्रान्सफॉर्मर आहे ना. विकणारा बिचारा गोंधळतो. म्हणतो, काय फरक पडतो?

काही नाही पडत.